उत्तर न देण्याचा सराव

दवाखान्यात तिला सगळे ‘ईसीजीवाल्या ताई’ म्हणत. पेशंट मात्र ‘सिस्टर’ म्हणत. ती दर वेळी सांगे, “मी सिस्टर नाही, टेक्निशियन आहे,” आणि पेशंट “बरं सिस्टर” म्हणून पलंगावर आडवे होत. घरी धाकटा भाऊही तिला ताईच म्हणायचा. तेव्हा आपणही ताईच म्हणू.

तळमजल्यावर जिन्याखाली तिची खोली होती. खिडकी नाही, एक अरुंद पलंग, हिरवा पडदा आणि चाकांच्या गाडीवर मशीन. मनगटांना नि घोट्यांना चिमटे लावायचे, छातीला जेल लावून रबरी फुगे बसवायचे, “जरा गार लागेल हं, हलू नका” म्हणायचं आणि कागदाची पट्टी सरसर बाहेर येऊ द्यायची. बायका संकोचायच्या. ताई एका हाताने पडदा ओढून दुसऱ्या हाताने पांघरूण सारखं करायची आणि मुलाबाळांची चौकशी करत करत काम उरकायची. “हात किती हलका आहे हो तुमचा,” असं पुष्कळ जणी म्हणायच्या. इतक्या बायका त्या पलंगावरून उठून गेल्या होत्या, की ताईच्या लेखी छाती म्हणजे फुगे बसवायची जागा. बाकी काही नाही.

दुपारी औषधांच्या खिडकीवरची मैत्रीण डबा घेऊन खाली यायची. ताई तिला ‘गोळी’ म्हणायची. एक तर तिचा धंदाच गोळ्यांचा, आणि अंगानेही ती तशीच. दोघी पलंगावर पाय हलवत बसून जेवायच्या. गोळी वरच्या डॉक्टरांच्या चालण्याबोलण्याच्या हुबेहूब नकला करायची आणि ताईला हसता हसता ठसका लागायचा.

संध्याकाळी घरी मात्र ताई एकटी. धाकट्याने एकदा, सगळे जेवायला बसलेले असताना, सरळ सांगून टाकलं होतं की त्याला मुली नाही, मुलगे आवडतात, आणि त्यातला एक जण फार आवडतो. वडील ताटावरून उठले. आई रडायला लागली. ताई तेवढी जागची हलली नाही. “ज्याला उठायचं त्याने उठावं. तू जेव रे,” म्हणाली आणि त्याला वाढत राहिली. पुढे धाकट्याने दुसऱ्या शहरात त्या जोडीदाराबरोबर संसार मांडला. त्या घरी जाणारी घरातली एकटी ताई. आई गेल्यावर वडील काकांकडे कायमचे राहायला गेले, ते ताईच्या या जाण्यायेण्याचा राग मनात धरूनच.

अशात पस्तिशीच्या आसपास ताईच्या आयुष्यात भूगोलाचे मास्तर आले. ते आपल्या आईला तपासणीसाठी घेऊन यायचे. आईची पट्टी ठीक येऊ लागल्यावरही यायचे. दोघं बसथांब्यापर्यंत बरोबर चालत. मास्तर कमी बोलणारे होते, पण बोलायला लागले की नद्यांवर बोलायचे, आणि ताईला ते ऐकायला आवडायचं. एका संध्याकाळी त्यांनी नद्या बाजूला ठेवून विचारलं, “आपण लग्न करायचं का?” ताई हो म्हणाली. त्या आनंदात तिने बस सोडून दिली आणि घरापर्यंत चालत गेली.

त्याच आठवड्यातली गोष्ट. धाप लागते म्हणून एक तरुण मुलगी पलंगावर झोपली होती. ताई नेहमीसारखी फुगे बसवत होती, आणि जेवताना घासात खडा लागावा तसा मध्येच एक विचार आला. ‘आपल्याला हे आवडतंय का?’

दुसरं कोणी असतं तर ‘काय पण डोकं चालतं’ म्हणून पुढच्या कामाला लागलं असतं. असले अचकट विचकट विचार सगळ्यांनाच येतात आणि येतात तसे जातात. ताई मात्र त्या विचारापाशी थांबली. ‘छे, नाही,’ तिने मनात म्हटलं. लगेच आतून कोणीतरी विचारलं, ‘नक्की?’

त्या ‘नक्की’ने तिची पाठ धरली. बसमध्ये ती समोरच्या बाईकडे बघायची आणि आपल्या अंगात काही हलतं का याचा अंदाज घ्यायची. मग एखाद्या पुरुषाकडे बघून तोच अंदाज. सतत लक्ष ठेवलं तर अंगात काहीतरी हलतंच. काही जाणवलं की ती जागा बदलून बसायची, आणि नाही जाणवलं तर आपण नीट बघितलं नाही असं वाटायचं. शाळेतली बाकावरची मैत्रीण आठवायची. तिची वेणी आपण घालून द्यायचो, ते का? फोनवर ती तासन् तास शोधत राहायची, प्रश्नावल्या सोडवायची. एकीचं उत्तर मनासारखं आलं की अर्धा तास बरा जायचा, मग वाटायचं, आपण उत्तरं खरी दिली का?

तिला सगळ्यात जास्त कशाने खाल्लं असेल, तर एका गोष्टीने. धाकट्याच्या बाजूने आपण उभे राहिलो. त्याच्या घरी जेवून आलो. त्यात वाईट काही नाही हे आपल्याला मनापासून पटतं. मग आपल्यावर वेळ आली तर एवढा थरकाप का? म्हणजे आतून आपणही वडिलांसारखेच? आणि समजा ते खरं असेल, तर मास्तरांना आपण फसवतोय.

मास्तरांना ती सारखं विचारू लागली, “मी तुमच्याशी नीट वागते ना? तुम्हाला काही वेगळं वाटत नाही ना माझ्यात?” मास्तर हसून म्हणायचे, “वेगळं वाटतं म्हणून तर विचारलं तुम्हाला.” त्या साध्या चेष्टेने तिचं तोंड पांढरं पडायचं. शेवटी एका दुपारी बसथांब्यावरच तिने सांगितलं, “आपण नको करू या. तुमच्यात काही कमी नाही.”

“मग कशात कमी आहे?” मास्तरांनी विचारलं.

ताई समोर आलेल्या बसमध्ये चढली. मास्तरांनी बरेच दिवस वाट पाहिली. पुढे त्यांच्या आईची तपासणी दुसऱ्या दवाखान्यात होऊ लागली.

कामावर तिने हातमोजे घालायला सुरुवात केली. मग बायकांचे फुगे लावताना भिंतीकडे बघू लागली. मग आयाबाईंना बोलावून “तेवढं तुम्ही लावा” म्हणू लागली. आयाबाई दिलदार, पण फुगे कुठे बसवायचे हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. एके दिवशी ताईनेच भिंतीकडे बघत लावलेले फुगे चुकीच्या जागी बसले. पट्टी अशी आली, की डॉक्टरांनी एका धडधाकट बाईला थेट अतिदक्षता विभागात पाठवलं. तिचा नवरा जिन्यात खाली बसून राहिला. वर पुन्हा पट्टी काढली तेव्हा सगळं ठीक निघालं. डॉक्टर ताईला ओरडले नाहीत. “तुमच्याकडून?” एवढंच म्हणाले. ते तिला जास्त लागलं.

तिने स्वतःहून बदली मागितली. जुनी कागदपत्रं ठेवायच्या खोलीत तिला टेबल मिळालं. तिथे कोणाला हात लावायचा नव्हता, कोणाचं तोंडही दिसत नव्हतं. कपाटं, धूळ आणि एक पंखा. गोळी पहिल्या दिवशी डबा घेऊन तिथेही आली. शेजारी टेकली तशी ताई खुर्ची मागे सरकवून उठली.

“काय गं, मला वास येतोय का?” गोळी म्हणाली.

“काम आहे.”

“जेवायच्या सुट्टीत?”

“हो.”

गोळी आणखी काही दिवस येत राहिली. मग यायची थांबली. ताई एकटी जेवू लागली. खरं तर जेवतानाही डोक्यात तोच खटला चालू असायचा. वकीलही तीच, आरोपीही तीच, आणि निकाल रोज पुढे ढकललेला.

एका समुपदेशक बाईंकडे ती जाऊन आली. त्यांनी ऐकून घेतलं आणि समजावलं, “तुम्ही तशा नाही आहात. काही काळजी करू नका.” ताई तरंगत घरी आली. रात्रीच्या जेवणापर्यंत शंका परत आली होती. आपण बाईंना सगळं सांगितलं का? ती पुन्हा गेली, पुन्हा तेच ऐकलं, पुन्हा तेवढाच वेळ बरं वाटलं. मग तिला तिथे जायचीही लाज वाटू लागली.

एका रविवारी दुपारी तिने धाकट्याला फोन केला. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलली आणि एका दमात सांगून टाकलं, “मला भीती वाटते की मला बायका आवडतात.”

पलीकडून धाकटा इतक्या प्रेमाने बोलला, की ताईचे डोळे भरून आले. “अगं ताई, मग काय झालं? एवढं मनात ठेवलंस? मी आहे ना. कोण आहे ती?”

“कोणीच नाही.”

“कोणी आवडलंय का तुला?”

“नाही रे. कोणीच नाही. मला नुसती भीती वाटते. तसं असलं तर, या विचाराने मला जगणं नको झालंय.”

आता पलीकडचा आवाज बदलला. “माझ्यासारखं असण्याने जगणं नको होतं?” धाकट्याने हळूच विचारलं.

“तसं नाही म्हणायचं मला.”

“मग कसं?”

ते तिचं तिलाच कळलेलं नव्हतं. “ठेवतो ताई. आम्हा दोघांना बाहेर जायचंय,” म्हणून त्याने फोन ठेवला. जगात तिच्याशी बोलणारं एक माणूस उरलं होतं. त्यालाही आपण दुखावलं, हे कळून ताई भिंतीला टेकून खाली बसली. त्यानंतरच्या दिवसांबद्दल तिने पुढे कोणालाही फारसं सांगितलं नाही. ती कामावर जायची, घरी यायची. शेजारणीने एकदा दार वाजवलं, तर आत श्वास रोखून उभी राहिली. आरशात बघून तोंड धुणंही सोडलं, कारण आरशातही एक बाईच होती.

धाकटा मात्र मनात अढी धरून बसणारा नव्हता. त्याच्या जोडीदाराने त्याला म्हटलं होतं, “तुझ्या ताईने तुझ्यासाठी घरच्यांचा राग अंगावर घेतला. ती तुझी किळस करेल? काहीतरी दुसरं दुखतंय तिचं.” एका सकाळी धाकटा पाठीला पिशवी लावून दारात उभा राहिला. ताई किती वाळली आहे हे बघून त्याने आधी स्वतःच चहा टाकला.

“ताई, मला एक सांग,” कप तिच्या हातात देत तो म्हणाला. “मला कळलं तेव्हा मीही घाबरलो होतो. पण बाबांना घाबरलो होतो. तो मुलगा समोरून आला की मला आतून छान वाटायचं. तुला कधी असं छान वाटलंय? एखादीची वाट बघावीशी वाटलीय?”

ताईने प्रामाणिकपणे आठवून बघितलं. “नाही. मी फक्त तपासत असते. दिवसभर तपासत असते.”

“आणि मास्तर?”

“त्यांची वाट बघायचे.” एवढं बोलून ती रडू लागली, आणि रडता रडताच म्हणाली, “पण ते खरं होतं कशावरून?”

धाकटा तिच्याकडे टक लावून बघत राहिला. “ताई, लहानपणी आई झोपली की तू तिच्या नाकाशी हात धरायचीस. श्वास चालू आहे का बघायला. एकदा बघून भागायचं नाही तुझं. आई वैतागून उठायची. आठवतं? हे तेच वाटतंय मला.”

आपल्याच दवाखान्यातल्या मानसोपचार विभागात जायला ताई तयार नव्हती. मग धाकट्याने शहराच्या दुसऱ्या टोकाच्या एका डॉक्टरांची वेळ घेतली आणि तिच्याबरोबर गेला. डॉक्टर वयस्कर होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मध्येच “हे किती वेळ चालतं दिवसात?” आणि “खात्री झाली की किती वेळ टिकते?” असं विचारलं. शेवटी ताईने तिचा नेहमीचा प्रश्न पुढे केला. “मग डॉक्टर, मी आहे का तशी?”

“ते मी सांगणार नाही.”

“का? तुम्हाला कळलं नाही?”

“मी नाही म्हटलं तर तुम्ही परवा पुन्हा विचारायला याल. आतापर्यंत किती जणांना विचारलंत?”

ताई बोटांवर मोजू लागली, मग हात खाली घेतला.

“याला ओसीडी म्हणतात,” डॉक्टर म्हणाले. “जुने लोक मंत्रचळ म्हणायचे. काही माणसं सारखे हात धुतात, काही कुलूप ओढून बघतात. तुम्ही स्वतःला ओढून बघता. जात एकच. विचार कोणालाही येतो. आजार आहे तो त्याला उत्तर देत बसण्याचा.”

“मग समलिंगी असणं म्हणजे—”

“तो आजार नाही. शेजारी बसलेत त्यांना विचारा.” डॉक्टर धाकट्याकडे बघून हसले. “जी माणसं देवमाणसासारखी वागतात, त्यांनाही हा आजार ‘तू खुनी तर नाहीस?’ म्हणून छळतो. ज्याला जे जपायचं असतं, तिथे हा बोट ठेवतो. तुम्हाला खोटं वागायचं नव्हतं, म्हणून तुम्हाला इथे गाठलं. तुमच्या भावासारख्यांनाही कधी उलटी शंका येते, की आपण तसे नाहीच की काय, आणि तीही माणसं अशीच हैराण होतात.”

धाकट्याने ताईची पिशवी आपल्या मांडीवर घेतली.

गोळ्या सुरू झाल्या. त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतील, असं डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं. त्यांच्याकडची एक थेरपिस्ट तिला दर आठवड्याला भेटू लागली. नेमकी तरुण बाईच निघाली, आणि पहिल्या भेटीत ताई तिच्या टेबलाच्या कोपऱ्याशीच बोलत होती. उपाय ऐकायला सोपा होता. विचार आला की ‘असेन कदाचित, नसेनही’ म्हणायचं आणि तिथेच सोडायचं. तपासायचं नाही, आठवायचं नाही, कोणाला विचारायचं नाही. ज्या ज्या गोष्टी टाळल्या, त्या एकेक करून पुन्हा करायच्या, भीती वाटत असतानाच करायच्या.

“भीती जाईपर्यंत थांबू का?” ताईने विचारलं.

“थांबलात म्हणून तर इथे आलात,” थेरपिस्ट म्हणाली.

पहिले दिवस वाईट गेले. बसमध्ये बायकांच्या शेजारी बसायचं आणि अंगाचा अंदाज घ्यायचा नाही, हे तिला खाज सुटलेली असताना हात बांधल्यासारखं वाटायचं. धाकट्यालाही धडा दिला होता. ताईने फोनवर घाबऱ्या घाबऱ्या विचारलं, “मी आहे का रे तशी?” की त्याने म्हणायचं, “माहीत नाही, ताई.” पहिल्यांदा हे म्हणताना त्याला दोनदा सुरुवात करावी लागली. ताईने चिडून फोन आपटला. मग थोड्या वेळाने तिनेच परत फोन करून विचारलं, “जेवलास का?” हळूहळू ‘आहे का’ कमी झालं आणि ‘जेवलास का’ वाढत गेलं.

तिने पुन्हा जुन्या जागी बदली मागितली. जिन्याखालच्या खोलीत तोवर दुसरा टेक्निशियन आला होता, त्यामुळे तिला आठवड्यातले मोजकेच दिवस मिळाले. पहिली पेशंट बाई आली तेव्हा ताईने मोजे काढून ठेवले. हात थंडगार पडले होते. ‘आवडतंय का?’ आलंच. ‘असेल, नसेल,’ म्हणून तिने समोर बघून, बोटांनी बरगड्या चाचपून, फुगे जिथल्या तिथे बसवले. “जरा गार लागेल,” म्हणाली. “तुमचे हातच जास्त गार आहेत,” बाई म्हणाली. पट्टी स्वच्छ आली. ताईला मात्र नंतर हात धुण्याच्या जागी बराच वेळ उभं राहावं लागलं.

सगळं काही जागेवर आलं असं म्हणता येणार नाही. मास्तरांचं लग्न झालं होतं. ते तिला कोणा तिसऱ्याकडून कळलं, आणि त्या दिवशी तिने सुट्टी घेतली. ते दुःख खरं होतं, त्याला औषध नव्हतं. वडिलांनी अजून फोन केलेला नव्हता. गोळी तर दवाखानाच सोडून गेली होती. दूर एका मोठ्या औषधांच्या दुकानात लागली होती. ताईने तिला शोधून काढलं आणि घरी बोलावलं. गोळी आली, पण पूर्वीसारखी धपकन बसली नाही. खुर्चीच्या कडेला टेकली.

ताईने तिला पहिल्यापासून सगळं सांगितलं.

“इतके दिवस मला वाटत होतं, मीच काहीतरी केलं,” गोळी म्हणाली. “नवऱ्याला विचारायचे, माझं काय चुकलं असेल रे? एका शब्दाने सांगायचं नाहीस?”

“नाही जमलं.”

“मला वाईट वाटलं असतं. पण कळलं तरी असतं.”

ताईने चहा आणि बिस्किटं आणून मध्ये ठेवली. दोघी चहा पिऊ लागल्या. मग गोळीला राहवेना. “अजून येतो तो विचार?”

“येतो की. आत्ताच आला होता. तू कप उचललास तेव्हा.”

गोळीने कप खाली ठेवला आणि डोळे मोठे केले. “मग?”

“मग काही नाही. ती बिस्किटं सरकव इकडे.”

गोळी खदखदून हसली. बऱ्याच दिवसांनी ताईला ते हसणं ऐकू आलं. अंधार पडायच्या आत तिला बस गाठायची होती, म्हणून ती लवकर निघाली. पुन्हा कधी, हे दोघींपैकी कोणी ठरवलं नाही. ताई तिला थांब्यापर्यंत सोडायला गेली. बस वळणापलीकडे जाईपर्यंत उभी राहिली. मग एकटीच घरी आली, दिवा लावला आणि एका माणसापुरता स्वयंपाक करायला घेतला.